‘वाईच बारीक करा’ म्हणजे नेमकं किती?

खुर्चीत बसलं, अंगावर कापड आलं, गळ्याभोवती पट्टी आवळली की कारागीर विचारतो, "काय करायचं भावा?" उत्तरं ठरलेली असतात. "मिडियम." "साईड मारा, वर राहू द्या." नाहीतर आपलं हक्काचं "वाईच बारीक करा." यातला एकही शब्द माप नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातलं मिडियम आणि शिवाजी पेठेतल्या दुकानातलं मिडियम सारखं निघेलच असं नाही. एकाच दुकानातल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवरसुद्धा ते बदलतं. कारागिराचा हात कितीही चांगला असला, तरी माप न सांगितल्यावर तो अंदाजानेच चालणार.

मापाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट तर बोललीच जात नाही, ती म्हणजे तुम्ही परत कधी येणार. मोबाईलमधला फोटो दाखवून कट ठरतो, पण तो फोटो कटिंग झाल्याच्या दिवशीचा असतो. तुम्ही ते डोकं घेऊन पुढचे वीस-पंचवीस दिवस फिरणार असता. म्हणून आमचं सांगणं असं की आधी पुढची तारीख ठरवा आणि तिच्यावरून कट निवडा. दहा दिवसांनी परत येणाऱ्याला जो कट शोभतो, तो महिन्याने येणाऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्याच आठवड्यात विस्कटलेला दिसतो. असं का होतं, ते साध्या हिशेबातून कळतं.

आठवड्याला अडीच मिलिमीटर

डोक्यावरचा केस दिवसाला साधारण ०.३५ मिलिमीटर वाढतो. म्हणजे आठवड्याला जवळपास अडीच मिलिमीटर आणि महिन्याला एक सेंटिमीटरच्या थोडं वर. माणसागणिक यात कमीजास्त होतं, पण हिशेबाला हा आकडा पुरतो. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की झिरो मारलेला केस आणि कपाळावर येणारा लांब केस, दोन्ही रोज तेवढेच वाढतात.

आता बघा. कानाजवळ झिरो मशीन मारली, केस उरला अर्धा मिलिमीटर. आठ दिवसांत तो तीन मिलिमीटरच्या वर गेला, म्हणजे सहापट झाला. तिथेच दहा मिलिमीटर ठेवला असता तर साडेबारा-तेरा झाला असता, सव्वापट. आणि डोक्यावर पाच सेंटिमीटर असतील तर ते सव्वापाच होतात, तो फरक आरशात कळतही नाही. केस जितका बारीक, तितका तो लवकर ‘वाढलेला’ दिसतो.

फेड का उडतो, तेही यातच आहे. फेड म्हणजे खालून वर हळूहळू गडद होत जाणारी छटा. खाली अर्धा मिलिमीटर आणि वर दहा, हा फरक वीसपट आहे, म्हणून छटा उठून दिसते. दोन आठवड्यांनी दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर मिळाले की खाली साडेपाच आणि वर पंधरा. वीसपटीचा फरक पावणेतीन पटीवर आला. कारागिराने काही चुकवलेलं नसतं, छटा वाढीतच बुडालेली असते.

यावरून मुदती निघतात. झिरोचा फेड सात ते दहा दिवस. तीन मिलिमीटरपासून सुरू होणारा उतार दोन आठवडे. बाजूला सहा ते दहा मिलिमीटर असतील तर तीन आठवडे. सगळं कात्रीने, कानामागे आणि मानेवर मोकळा उतार दिलेला कट चार ते सहा आठवडे खपतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आला की खेळाडूंसारखा झिरो फेड मागणारी पोरं दुकानात वाढतात. त्यांना तो शोभतोही, फक्त दर आठ-दहा दिवसांनी खुर्चीत बसायची तयारी हवी. ती नसेल तर तोच आकार ठेवून तळ झिरोऐवजी तीन मिलिमीटरचा घ्या. पहिल्या दिवशी थोडा कमी झणझणीत वाटेल, पंधराव्या दिवशी मात्र बरा दिसेल.

वारंवार कापल्याने केस दाट होतात, हा समज इथेच निकालात काढू. जावळ काढलं की बाळाचे केस दाट येतात असं घरोघरी म्हणतात. केसाची मुळं जन्मताना जितकी असतात तितकीच राहतात, वस्तरा कातडीच्या वरचाच भाग कापतो. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्याचं बोथट. बोथट टोक हाताला राठ आणि डोळ्याला जाड लागतं, एवढंच. जावळ हा संस्कार आहे, तो हौसेने करावा. दाटपणाशी त्याचा संबंध नाही.

नंबर आणि मिलिमीटर

दुकानातल्या मशीनच्या गार्डला, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या कंगव्याला, नंबर असतात. १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३, ६ म्हणजे १९ आणि ८ म्हणजे २५. गोंधळ होतो तो घरच्या ट्रिमरमुळे. बऱ्याच घरगुती ट्रिमरवर लिहिलेला आकडा थेट मिलिमीटरचा असतो. घरी ‘तीन’वर दाढी करणारा माणूस दुकानात "तीन नंबर मारा" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ३ मिलिमीटर असतात आणि कारागीर १० ठेवतो. उलटही होतं, आणि ते जास्त महागात पडतं, कारण कापलेला केस परत चिकटत नाही. म्हणून नंबर न सांगता मिलिमीटर सांगा, किंवा गार्ड हातात घेऊन बघा.

मशीनच्या बाजूला एक छोटा दांडा असतो, लिव्हर. तो उघडला की दोन पात्यांच्या टोकांमधलं अंतर वाढतं आणि केस थोडा जास्त उरतो, साधारण एक-दीड मिलिमीटर. एका गार्डवर बंद लिव्हर आणि उघडी लिव्हर अशी दोन मापं मिळतात, ती यामुळे. चांगल्या फेडचं अर्धं काम ही लिव्हरच करते.

कारागिराला चार गोष्टी सांगितल्या की काम होतं. बाजूला सगळ्यात बारीक किती मिलिमीटर. तो बारीकपणा कानाच्या वर किती बोटांपर्यंत न्यायचा. वरचे केस किती ठेवायचे, तेही बोटांत: दोन बोटं म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. आणि मानेवरची कड कशी संपवायची. "बाजूला तीन मिलिमीटर, कानावर दोन बोटं, वर तीन बोटं, मागं मोकळा उतार." एवढं एक वाक्य फोटोपेक्षा जास्त सांगतं. फोटो दाखवायचा असेल तर तुमच्यासारख्याच केसांच्या माणसाचा दाखवा. सरळ आणि दाट केसांवरचा कट कुरळ्या किंवा विरळ केसांवर तसाच बसत नाही.

फेड जवळून बघितला तर

केस कोरडे आणि मोकळे विंचरलेले हवेत. तेल असेल तर केस एकमेकांना चिकटतात आणि मशीन कुठे कमी, कुठे जास्त कापते. म्हणून कटिंगच्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नये.

पहिली रेघ गार्डशिवाय, लिव्हर उघडी ठेवून. ती कानाच्या वर एक-दोन बोटांवरून निघते आणि मागे जाताना खाली उतरते. डोक्याच्या मागे मानेच्या वर जो हाडाचा उंचवटा बोटाला लागतो, त्याच्या खाली ती राहिली पाहिजे. ही रेघ त्या उंचवट्याच्या वर गेली की मागून डोकं सपाट दिसतं आणि वरचे केस टोपलीसारखे ठेवल्यासारखे वाटतात. बिघडलेल्या फेडमध्ये ही चूक नेहमी सापडते.

रेघेखालचा भाग लिव्हर बंद करून साफ होतो. मग १ नंबरचा गार्ड लावून रेघेच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरचा पट्टा, त्याच्या वर २ नंबरचा. आता डोक्यावर तीन पायऱ्या दिसतात. खरी कारागिरी या पायऱ्या पुसण्यात आहे. झिरो आणि १ नंबर यांच्यामधली रेघ अर्ध्या नंबरच्या गार्डने, म्हणजे दीड मिलिमीटरने पुसतात. तो नसेल तर गार्ड काढून उघड्या लिव्हरच्या टोकाने. १ आणि २ मधली रेघ १ नंबरचा गार्ड लावून, लिव्हर उघडून. हात सरळ वर न्यायचा नाही. मनगट वळवून मशीन कातडीपासून बाहेर उचलायची, सुपातलं पाखडताना हात सुटतो तसा. मशीन डोक्याला चिकटलेली ठेवून सरळ वर नेली की जुनी रेघ पुसते आणि तिच्या वर नवी तयार होते. मग ती पुसायला आणखी वर. असं करत करत खालीच संपणाऱ्या लो फेडचा वर चढलेला हाय फेड कधी झाला हे कळत नाही.

डोक्याची बाजू जिथे वळून माथ्याला मिळते, तिथे मशीन थांबली पाहिजे. कपाळाच्या कोपऱ्यापासून मागे बोट फिरवलं तर तो वळसा कळतो. त्याच्या वरचं काम कंगव्यावर कात्रीचं. तिथेही गार्ड फिरवला तर वळशावर टक्कल पडल्यासारखी फिकट जागा उरते, आणि ती भरायला तीन-चार आठवडे लागतात.

वरचे केस ओले करून कापत असतील तर एक सेंटिमीटर जास्त ठेवायला सांगा, विशेषतः केस कुरळे असतील तर. ओला केस ताणला की चांगलाच लांबतो आणि वाळला की आखडतो. ओल्यावर भुवईपर्यंत आलेली बट वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर जाते. दातांच्या कात्रीने, म्हणजे थिनिंगने, दाट केसांचा भार कमी होतो. पण विरळ केसांवर आणि मुळाजवळ ती लावू देऊ नका. मुळाशी कापलेले आखूड केस लांब केसांना खालून उचलतात आणि दोन आठवड्यांनी डोकं फुगतं.

आणि भोवरा. प्रत्येकाच्या माथ्यावर केस गोल फिरतात ती जागा. भोवऱ्यावर केस फार बारीक केले की ते उभे राहतात, कारण त्यांना आडवं पाडायला स्वतःचं वजन उरत नाही. तिथे निदान साडेतीन-चार सेंटिमीटर हवेत, नाहीतर मग सरळ सहा मिलिमीटरच्या खाली. मधलं माप भोवऱ्याला चालत नाही. दोन भोवरे असलेल्याला दोन बायका मिळतात असं पोराला चिडवतात. बायकांचं माहीत नाही, पण त्याला कटिंगला बसताना "मला दोन भोवरे आहेत" हे आधी सांगावंच लागतं, कारण ओल्या केसांत दुसरा भोवरा दिसत नाही.

पंचांग आणि कटिंग

तारखेवरून कट ठरवायचा म्हटलं की आपल्याकडे पंचांग आलंच. श्रावणात कटिंग-दाढी न करणारी घरं कोल्हापूर भागात भरपूर आहेत. श्रावण २९-३० दिवसांचा, म्हणजे एक सेंटिमीटर वाढ ठरलेली. आषाढाच्या शेवटी महिनाभर पुरावं म्हणून लोक झिरो मारून घेतात. खरं तर उलट करावं. झिरोचे महिन्याने एक सेंटिमीटर होतात, ना धड बारीक ना धड मोठे, आणि कानाभोवती साळिंदरासारखे उभे राहतात. त्याऐवजी कात्रीचा कट घ्यावा, बाजूला दोन सेंटिमीटर. त्याचे तीन होतात आणि आकार टिकतो.

दाढीचंही तसंच. वस्तऱ्याने गुळगुळीत करून श्रावणाला सुरुवात केली की चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत खाज सुटते, कारण नव्याने कापलेली धारदार टोकं कातडीला टोचतात. शेवटची दाढी ट्रिमरने एक-दोन मिलिमीटरवर ठेवली तर त्रास कमी होतो. रोज धुवावी, ओलसर असताना तेलाचे दोन थेंब पुरतात.

श्रावण संपला की भाद्रपद चतुर्थीला गणपती. मध्ये जेमतेम तीन-चार दिवस, आणि सगळं गाव तेवढ्यात खुर्चीत बसायला बघतं. घाईत कटिंग बिघडतं, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी जावं. महिन्याभराची दाढी थेट वस्तऱ्याने काढायला सांगू नका. आधी ट्रिमरने खुंटापर्यंत आणायची, मग साबण, मग वस्तरा. लांब केस पात्यात अडकून ओढले जातात आणि तिथेच कापतं. नवरात्राच्या नऊ दिवसांत तीनच मिलिमीटर वाढतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. एरवी शनिवार आणि अमावास्या पाळणाऱ्यांमुळे रविवारी सकाळी रांग लागते. मधल्या वारी दुपारी गेलात तर कारागिराला तुमच्या डोक्यासाठी वेळ असतो.

लग्न असेल तर कात्रीचा कट पाच-सहा दिवस आधी, फेड दोन दिवस आधी. त्याच दिवशी केलेल्या कटची कड फार कोरी दिसते आणि मानेवर वस्तऱ्याची लाली राहते. डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधणार असाल तर माथ्यावरची रचना कोणाला दिसणार नाही. कल्ले आणि मान मात्र प्रत्येक फोटोत येणार, सगळं लक्ष तिथे द्या. फेट्याखाली जेल किंवा वॅक्स लावू नका, घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं.

मधल्या दिवसांत: मान

दोन कटिंगच्या मध्ये एकच काम करायचं असेल तर मान साफ करा. डोकं वाढलेलं दिसतं ते आधी मानेवरून आणि कानांवरून. मागची कड तीन प्रकारची असते: चौकोनी, गोल आणि मोकळा उतार. चौकोनी कड पहिल्या दिवशी सगळ्यात नीटनेटकी, पण आठवड्यात तिच्याखाली खुंट येतात आणि ती घाण दिसते. उताराला ठळक रेघच नसते, म्हणून तो तीन आठवडे निभावतो.

घरी साफ करताना पाठीमागे मोठा आरसा, हातात छोटा. ट्रिमर गार्डशिवाय, उलटा धरून, कडेच्या फक्त खाली. कड नव्याने आखायची नाही. दर वेळी ‘नीट करताना’ ती दोन-तीन मिलिमीटर वर सरकते, आणि महिन्याभरात मानेवर मोकळा पट्टा दिसायला लागतो.

मानेवर मागे बारीक पुळ्या येऊन त्यांच्या कडक गाठी होत असतील, तर तिथे वस्तरा आणि झिरो दोन्ही ताबडतोब बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बारीक कापत राहिलं की त्या गाठी वाढतात आणि तिथले केस कायमचे जातात.

दाढी, मिशी आणि वस्तरा

दाढी ठेवणारे बरेच जण गळ्यावरची रेघ जबड्याच्या हाडावर आणतात. त्यामुळे हनुवटीखालचा मऊ भाग उघडा पडतो आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. रेघ कंठमण्याच्या वर एक-दोन बोटांवर असावी आणि तिथून दोन्ही कानांच्या मागे वळत जावी.

गुळगुळीत दाढी करायची तर आधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस भिजू द्या. भिजलेला केस मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. केसांची दिशा दोन दिवसांच्या खुंटावर बोट फिरवून कळते. गालावर ती बहुधा खाली असते, गळ्यावर मात्र आडवी किंवा वरच्या दिशेने. तिथेच "उलटा हात मारा" म्हटलं की कातडीखाली कापलेला केस वाढताना आत वळतो आणि लाल पुळी येते. ज्यांना या पुळ्या येतात त्यांनी कातडी ताणायची नाही, एकच हात सरळ दिशेने. त्यानेही थांबलं नाही तर तीन-चार आठवडे वस्तरा बंद, ट्रिमरने एक मिलिमीटर.

मिशीचं माप साधं आहे. पीळ द्यायचा तर टोकाला चार-पाच सेंटिमीटर केस हवेत, म्हणजे चार-पाच महिने. दुसऱ्या महिन्यात केस तोंडात यायला लागतात आणि बरेच जण तिथेच हार मानून कात्री लावतात. त्या काळात फक्त नाकाखालचा मधला भाग ओठाच्या रेघेवर कापा, कोरडा असताना. कोपऱ्याचे केस बाजूला विंचरून ठेवा, त्यांना हात लावू नका. पीळ तिथूनच येणार आहे.

आता वस्तऱ्याची खरी काळजी. दुकानात वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवतात. ते तुमच्यासमोर कागदातून निघालं पाहिजे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो, आणि डोळ्याला न दिसणारं रक्तही त्याला पुरतं. चांगला कारागीर न सांगता ब्लेड बदलतो. नसेल बदललं तर "नवं ब्लेड घाला दादा" म्हणायला अजिबात संकोच करू नका. एवढी काळजी घेणारेही तुरटीचा खडा विसरतात. कापल्यावर तोच खडा एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरतो. स्वतःचा खडा खिशात नेता येतो. हिपॅटायटिस बीची लस आहे, मोठ्या माणसांना सहा महिन्यांत तीन डोस. दुकानात रोज वस्तरा हातात धरणाऱ्या कारागिराने तर ती घ्यायलाच हवी.

तालमीतल्या पोरांसाठी

तालमीत केस बारीक असतात ते सोयीसाठी: हातात येत नाहीत, लाल माती लवकर निघते, लवकर वाळतात. पण त्यासाठी वस्तऱ्याने गुळगुळीत करू नये. वस्तऱ्याचे बारीक ओरखडे आणि समोरच्या गड्याच्या अंगाशी घासणारं डोकं, हे दोन्ही एकत्र आलं की गजकर्ण आणि फोड पसरायला वाट मिळते. तीन मिलिमीटर पुरेत. आणि सगळ्या तालमीत एकच मशीन फिरत असेल तर प्रत्येक डोक्यानंतर पाती ब्रशने झाडून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि वाळू द्यायची. केस अडकलेल्या पात्यावर नुसता फवारा मारून उपयोग नाही, घाण निघाल्याशिवाय औषध पोहोचत नाही.

गजकर्ण झालाच तर बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेलं मलम परस्पर आणून चोळू नका. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे औषधांना सहज दाद देत नाही. केसांच्या मुळात गेलेला गजकर्ण तर मलमाने जातच नाही, त्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

पैलवानाचे मोडलेले कान हे अभिमानाचं लेणं आहे, पण मशीनला ते अवघड जातात. सरळ पातं कानाच्या घडीत बसत नाही आणि उंचवट्यावरची ताणलेली कातडी चटकन कापते. तिथे कारागिराने एका हाताने कान पुढे दुमडून धरावा आणि कात्रीच्या टोकाने कानामागची कड काढावी. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

कोंडा, कलप, तेल

पावसाळ्यात ओलं डोकं हेल्मेटखाली दाबलं की कोंडा वाढतो. कोंडा म्हणजे कोरडेपणा समजून लोक तेल चोपडतात. तो वाढवणारी बुरशी डोक्याच्या तेलकटपणावरच जगते, त्यामुळे तेलाने भर पडते. २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून, असं दोन ते चार आठवडे केलं की बहुतेकांचं भागतं. लावून लगेच धुतला तर तो वाया जातो. रंगपंचमीला किंवा जोतिबाच्या यात्रेला जाताना मात्र आधी तेलाचा हात फिरवणं योग्यच, गुलाल मुळाशी चिकटत नाही. आल्यावर आधी कोरडा झाडायचा, मग पाणी.

‘काळी मेहंदी’ नावाने मिळणारी पूड नुसती मेहंदी नसते. मेहंदीचा स्वतःचा रंग तांबूस-केशरी, काळा नाही. काळा रंग बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि काहींना त्याने डोळे मिटतील इतकी सूज येते. आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास थांबा. पूर्वी चालला होता म्हणून आजही चालेल असं नाही, ही ॲलर्जी मध्येच कधीही सुरू होते.

घरच्या मशीनला दर वापरानंतर तेलाचे दोन-तीन थेंब हवेत, दहा सेकंद चालवून पुसून घ्यायचं. शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल नको. ते २४-२५ अंशांच्या खाली थिजतं आणि थंडीच्या सकाळी पाती जाम होतात. मशीन केस ओढायला लागली की दोष बहुधा बॅटरीचा, कोरड्या पात्याचा किंवा अडकलेल्या केसांचा असतो. आणि हातातून पडली असेल तर लावण्याआधी पाती बघा: हलणारं पातं स्थिर पात्याच्या थोडं मागे असलं पाहिजे. पुढे आलं असेल तर पहिल्याच फेरीत रक्त काढेल.

राहिली चंपी. कटिंगनंतर डोक्याची आणि खांद्यांची मालिश जरूर करून घ्या, त्याने बरं वाटतं. पण शेवटी मान कडाकडा मोडून देतात, ते नको. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर तरुण माणसालाही सोडत नाही. कारागिराचा एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे आला, की त्याच क्षणी सांगायचं: "मान राहू द्या मामा."